सोसायटीच्या सभासद यादीतील ओळी हरवतात, सरकतात, दुभंगतात तेव्हा काय करावे

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा कारभार ज्यांच्याकडे नव्याने येतो, त्यांना मावळत्या समितीकडून बहुधा तीन गोष्टी मिळतात: कपाटाची किल्ली, कागदी नोंदवह्या आणि एक्सेलची एक फाइल. किल्ली लगेच उपयोगी पडते आणि नोंदवह्या कपाटात जातात. पुढचा सगळा कारभार मात्र त्या फाइलवर चालतो. सभासदांची नावे, दूरध्वनी क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचे क्रमांक आणि मेंटेनन्सची थकबाकी असे सगळे तीतच असते. ती फाइल कोणी, केव्हा आणि कशी भरत आणली हे सहसा कोणालाच सांगता येत नाही.

माझ्याकडे खजिनदारपद आले तेव्हा आमच्या २१२ फ्लॅटच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा तीन आठवड्यांवर आली होती. सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी असते, म्हणून मी यादी नावांच्या क्रमाने लावली आणि प्रत्येकाला सूचनेसोबत त्याच्या थकबाकीचा निरोप पाठवला. नावे आणि दूरध्वनी यांच्या स्तंभांमध्ये एक मोकळा, अगदी अरुंद स्तंभ होता, तो माझ्या लक्षात आला नाही. नावे आणि थकबाकी नव्या क्रमाने लागली आणि दूरध्वनी क्रमांक जिथल्या तिथे राहिले. बी विंगमधील एका वयोवृद्ध सभासद बाईंनी कधी एका महिन्याचाही मेंटेनन्स थकवला नव्हता. त्यांना ४३,५०० रुपये भरण्याचा निरोप गेला. त्या पावत्यांची फाइल घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा काय झाले असावे हे मला कळले. यादी पूर्ववत करायला तीन संध्याकाळी लागल्या. ते काम कागदी नोंदवही जागेवर होती म्हणूनच होऊ शकले.

त्या तीन संध्याकाळींत आणि नंतरच्या वर्षांत जे शिकलो ते येथे क्रमाने मांडले आहे. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. तक्त्याच्या डाव्या कडेला दिसणारा क्रमांक जागेचा असतो, त्या ओळीतील माणसाचा नसतो. ओळ हलली की तो क्रमांक तिच्याबरोबर जात नाही. म्हणून प्रत्येक ओळीला तिच्यासोबत फिरणारी स्वतःची ओळख द्यावी लागते. ती दिली असेल तर पुढची जवळपास प्रत्येक चूक दुरुस्त करता येते.

एक खुलासा करतो. सूत्रांची, मेनूंची आणि कळांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एक्सेलमध्ये सूत्र टंकताना त्याचे नाव रोमन अक्षरांत आणि बरोबरचे अंक साध्या इंग्रजी अंकांत टंकावेत. गूगल शीट्समध्ये जिथे वेगळे काही करावे लागते, तिथे तसे नमूद केले आहे.

लागणारी साधने आणि कागदपत्रे

- यादीची मूळ फाइल आणि ती ठेवायला संगणकाखेरीज आणखी एक जागा, म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा इंटरनेटवरील साठा.
- सभासदांची कागदी नोंदवही, म्हणजे नमुना ‘आय’, आणि सभासदांची यादी, म्हणजे नमुना ‘जे’. या दोन्ही संस्थेत असायलाच हव्यात. वाद उभा राहिला तर फाइलीपेक्षा त्यांचाच आधार घ्यावा लागतो.
- मागील आर्थिक वर्षाच्या लेखापरीक्षण अहवालातील थकबाकीची यादी.
- वही आणि पेन. कोणत्या ओळीत काय बदलले हे काम चालू असतानाच लिहावे लागते, नंतर ते आठवत नाही.

१. प्रत काढावी आणि ‘मूळ क्रम’ नोंदवावा

फाइल बंद करून तिची प्रत काढावी, प्रतीच्या नावात तारीख आणि ‘मूळ’ हा शब्द घालावा, आणि ती प्रत पुन्हा कधीही उघडून बदलू नये. फाइल इंटरनेटवरील साठ्यात असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल, तर ‘जतन न करता बंद करू’ हा मार्ग उरत नाही, कारण प्रत्येक बदल त्याच क्षणी जतन होतो. अशा वेळी व्हर्जन हिस्टरीतून जुनी आवृत्ती परत आणता येते. गूगल शीट्समध्ये ही हिस्टरी ‘फाइल’ या मेनूत मिळते.

त्यानंतर यादीच्या अगदी डावीकडे एक नवा स्तंभ घालून त्याला ‘मूळ क्रम’ असे शीर्षक द्यावे आणि १ पासून शेवटच्या ओळीपर्यंतचे अंक भरावेत. पहिल्या दोन सेलमध्ये १ आणि २ टंकून, दोन्ही निवडून, उजव्या खालच्या कोपऱ्यातील चौकोन खाली ओढला की अंक भरले जातात. नवखे लोक बहुतेक एकाच ठिकाणी फसतात. अंक आपोआप यावेत म्हणून ते ‘रो’ या सूत्राने क्रमांक काढतात. सूत्राने आलेला क्रमांक क्रमवारी बदलल्यावर पुन्हा १, २, ३ असाच दिसतो, त्यामुळे मूळ क्रमाकडे परतण्याची खूण पुसली जाते. हे अंक स्थिर हवेत. यादी कितीही विस्कटली तरी, ओळी अखंड असतील तर, या एका स्तंभावर क्रमवारी लावून ती पूर्ववत होते.

शेवटी वहीत तीन आकडे लिहून ठेवावेत: एकूण ओळी, थकबाकीची एकूण बेरीज आणि एकूण शेअर. काम संपल्यावर हेच आकडे पुन्हा पाहायचे आहेत.

२. ओळ खरोखर गेली आहे, की नुसती दिसत नाही, हे ठरवावे

‘अमक्याचे नाव यादीतून गेले’ अशी तक्रार आली की ते नाव पुन्हा टंकण्याची घाई होते, आणि त्यातूनच पुढे दुबार नोंदी तयार होतात. पुढील क्रमाने तपासावे.

डावीकडचे क्रमांक निळे दिसत असतील आणि त्यांत खंड असेल, तर फिल्टर लागलेला आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एल या कळा एकत्र दाबल्यावर तो निघतो. गूगल शीट्समध्ये साधा फिल्टर लावला तर त्या फाइलवर काम करणाऱ्या सर्वांनाच तो लागतो. चिटणीसांनी केवळ थकबाकीदार पाहण्यासाठी लावलेल्या फिल्टरमुळे अध्यक्षांना निम्मी सोसायटी गायब दिसते. तिथे ‘फिल्टर व्ह्यू’ वापरावा, तो ज्याचा त्यालाच दिसतो.

क्रमांकांत खंड आहे, पण ते काळेच आहेत, अशा वेळी ओळी हाताने लपवलेल्या असतात. खंडाच्या वरची आणि खालची ओळ एकत्र निवडून माउसची उजवी कळ दाबावी आणि ‘अनहाइड’ निवडावे. तरीही ओळ दिसली नाही, तर तिची उंची शून्य नसून एखाद-दुसरा बिंदूच असण्याची शक्यता असते. एक्सेल तिला लपलेली मानत नाही, म्हणून ‘अनहाइड’चा तिच्यावर परिणाम होत नाही. होम मेनूतील ‘फॉरमॅट’मध्ये जाऊन ‘रो हाइट’ १५ किंवा २० द्यावी. देवनागरी मजकुराला २० बरी, कारण उंची कमी असेल तर मात्रा आणि रफार वरून कापले जातात.

क्रमांकांत खंड नाही, पण यादी ५ किंवा ६ पासूनच सुरू होते आणि वर सरकतच नाही, असे दिसले तर ‘फ्रीझ पेन्स’ पाहावे. पडदा खाली सरकलेला असताना शीर्षक गोठवले, तर त्याच्या वरच्या ओळी गोठवलेल्या भागाआड अडकतात. व्ह्यू मेनूतून ‘अनफ्रीझ’ करून, अगदी वर जाऊन, पुन्हा गोठवावे.

एवढे करूनही नाव सापडले नाही, तर कंट्रोल आणि एफ या कळांनी नावाऐवजी फ्लॅट क्रमांक शोधावा. नावाचे लेखन दहा प्रकारे होऊ शकते, फ्लॅटचा क्रमांक त्यामानाने स्थिर असतो. तोही मिळाला नाही, तरच ओळ गेली असे समजून जुन्या प्रतीतून ती संपूर्ण ओळ आणावी.

३. मोकळ्या ओळी, मोकळे स्तंभ आणि जोडलेले सेल काढावेत

सोसायट्यांच्या फाइली छापील कागदासारख्या मांडलेल्या असतात. वर ‘ए विंग’ असे मोठे शीर्षक, खाली तिचे सभासद, मग बेरीज, एक मोकळी ओळ, आणि पुढे ‘बी विंग’. वाचायला हे सोयीचे वाटते. एक्सेलला मात्र मोकळी ओळ म्हणजे तक्त्याचा शेवट वाटतो. त्यामुळे क्रमवारी, फिल्टर आणि बेरीज हे सगळे पहिल्या मोकळ्या ओळीशी थांबते. माझ्या हातून घडलेली चूक मोकळ्या स्तंभाची होती, तिची जातकुळी हीच.

यादी एकसंध आहे की नाही हे पाहायला यादीतील कोणताही सेल निवडून कंट्रोल आणि ए एकदा दाबावे. जेवढा भाग निवडला जाईल, तेवढाच एक्सेलच्या लेखी एक तक्ता. निवड शेवटच्या सभासदापर्यंत आणि शेवटच्या स्तंभापर्यंत गेली नाही, तर ती जिथे थांबली तिथेच मोकळी जागा सापडते. मोकळे स्तंभ आणि मधली शीर्षके काढून टाकावीत आणि ‘विंग’ हा स्वतंत्र स्तंभ करून प्रत्येक ओळीत ए, बी, सी असे लिहावे. विंगवार बेरजा वेगळ्या शीटवर न्याव्यात.

जोडलेले सेल याहून त्रासाचे असतात. एकाच सभासदाचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट असले की यादी भरणारा नावाचे दोन सेल ‘मर्ज’ करतो. दिसायला ते नीटनेटके दिसते, पण नाव केवळ वरच्या सेलमध्ये राहते आणि खालच्या फ्लॅटची ओळ नावाविना उरते. फिल्टरमध्ये त्या सभासदाचा एकच फ्लॅट येतो, आणि क्रमवारी लावू गेल्यास सर्व जोडलेले सेल एकाच आकाराचे हवेत, अशी सूचना देऊन एक्सेल नकार देते. दुरुस्ती अशी करावी:

- नावांचा स्तंभ निवडून ‘मर्ज अँड सेंटर’ हे बटण दाबून सेल सुटे करावेत.
- स्तंभ निवडलेला असतानाच एफ ५ दाबावे, ‘स्पेशल’मध्ये ‘ब्लँक्स’ निवडावे, म्हणजे फक्त रिकामे सेल निवडले जातील.
- बरोबरचे चिन्ह (=) टंकून वर जाणारा बाण एकदा दाबावा आणि कंट्रोल व एंटर एकत्र दाबावे. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये त्याच्या वरचे नाव येते.
- पूर्ण स्तंभ कॉपी करून त्याच जागी ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’ चिकटवावे.

चौथी कृती विसरू नये. ती राहिली तर त्या सेलमध्ये ‘माझ्या वरच्या सेलमधले नाव’ असे सूत्रच राहते, आणि पुढे क्रमवारी बदलली की दुसऱ्या फ्लॅटला भलत्याच माणसाचे नाव लागते. त्या माणसाचे नाव यादीत असतेच, म्हणून पाहणाऱ्याला संशयही येत नाही.

यादी एकसंध झाली की कंट्रोल आणि टी दाबून तिला एक्सेलचा ‘टेबल’ करावे. त्यानंतर क्रमवारी लावताना स्तंभ सुटे पडत नाहीत.

४. क्रमवारी लावल्यावर ओळी सरकल्या असतील तर

चूक त्याच क्षणी लक्षात आली तर कंट्रोल आणि झेड दाबावे आणि दुसरे काहीही करू नये. फाइल बंद करून पुन्हा उघडली की ही सोय संपते.

एकच स्तंभ निवडून क्रमवारी लावू लागलात तर एक्सेल विचारते की निवड विस्तारायची का. ही चौकट न वाचता दुसरा पर्याय निवडला, तर तेवढा एकच स्तंभ हलतो आणि प्रत्येक ओळ दुभंगते. नेहमी ‘एक्स्पांड द सिलेक्शन’ हाच पर्याय घ्यावा. त्याहून चांगले म्हणजे स्तंभ निवडूच नये, त्यातील एखाद्या सेलवर जाऊन क्रमवारी लावावी.

ओळ दुभंगलेल्या स्थितीत फाइल जतन झाली असेल, तर ‘मूळ क्रम’ हा स्तंभही फक्त अर्ध्या भागासोबत फिरलेला असतो. तरी त्या अर्ध्याला त्याच्या मूळ जागी नेता येते, आणि दुसरा अर्धा हललाच नसेल तर दोन्ही पुन्हा जुळतात. हा स्तंभ आधी घातला असता तर माझे तीन संध्याकाळींचे काम दोन मिनिटांचे झाले असते.

ओळी अखंड आहेत, पण क्रम विचित्र दिसतो, ही तक्रार वेगळी. ‘ए-१००१’ हा दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट ‘ए-१०१’च्याही आधी येतो, कारण अक्षर आणि अंक एकत्र आले की एक्सेल त्याला मजकूर मानून डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहते. विंग एका स्तंभात आणि क्रमांक दुसऱ्या स्तंभात ठेवून आधी विंग, मग क्रमांक अशी दोन पातळ्यांची क्रमवारी लावावी. क्रमांकांचा स्तंभ खरोखर संख्यांचा आहे का, हे ‘इज-नंबर’ या सूत्राने पाहावे. काही सेल मजकूर असतील तर ते सगळे तळाशी जमा होतात. एका स्तंभात देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही अंक ठेवू नयेत.

युनिकोड ही आजची सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरसंकेत पद्धत. जुन्या फाइलीत तिच्या आधीच्या काळातील फॉन्ट वापरलेला असेल, तर पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत रोमन चिन्हेच असतात. त्यांची क्रमवारी वर्णमालेप्रमाणे कधीच लागणार नाही. तिथे दुरुस्तीत वेळ न घालवता आधी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

५. दिसायला एक, पण आत वेगळे: नावांतील अदृश्य फरक

ही अडचण मराठी यादीत हमखास येते, आणि इंग्रजी मदतपुस्तिकांत तिचे उत्तर शोधूनही सापडत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

आमच्या यादीत ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन ओळींत होते. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसत, पण शोधले तर एकच सापडे. ‘लेन’ हे सूत्र सेलमध्ये किती चिन्हे आहेत ते सांगते. ते लावल्यावर एका नावाची ८ चिन्हे निघाली आणि दुसऱ्याची ९. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर होते. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह होते. दोन वेगवेगळ्या कळफलकांवर टंकल्याने हा फरक पडतो. कऱ्हाडकर, गोऱ्हे, वऱ्हाडे अशा प्रत्येक आडनावाला तो लागू आहे.

येथे एक मोठा सापळा आहे. हे अदृश्य चिन्ह सरसकट काढून टाकावे असा सल्ला अनेक जण देतात. तसे केले तर अर्धा र जाऊन त्याच्या जागी रफार येतो आणि आडनावच बिघडते. म्हणून चिन्ह नुसते काढू नये, पूर्ण जोडी बदलावी. ‘युनिकार’ हे सूत्र क्रमांकावरून चिन्ह देते आणि ‘सबस्टिट्यूट’ एका मजकुराच्या जागी दुसरा घालते. ‘सबस्टिट्यूट’ सूत्रात शोधण्याच्या जागी ‘युनिकार’ २३५२, २३८१ आणि ८२०५ ही तीन चिन्हे एकापुढे एक जोडून द्यावीत, आणि बदली म्हणून ‘युनिकार’ २३५३ आणि २३८१ द्यावीत. २३५२ म्हणजे र, २३५३ म्हणजे ऱ, २३८१ म्हणजे हलन्त आणि ८२०५ म्हणजे ते जोडचिन्ह. निकाल शेजारच्या रिकाम्या स्तंभात घ्यावा, तपासावा आणि मगच ‘व्हॅल्यूज’ म्हणून मूळ जागी चिकटवावा.

नावांच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागांचे काम सोपे आहे. ‘ट्रिम’ सूत्र त्या काढते. मजकूर एखाद्या संकेतस्थळावरून कॉपी केलेला असेल तर त्यात १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा येते, आणि ती ‘ट्रिम’ला जुमानत नाही. आधी ‘सबस्टिट्यूट’ने तिच्या जागी साधी मोकळी जागा घालावी, मग ‘ट्रिम’ लावावे.

६. दुबार नोंदी काढताना घाई करू नये

‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ हे बटण पहिली ओळ ठेवते आणि पुढच्या काढून टाकते. कोणत्या ओळी काढल्या, हे ते दाखवत नाही, फक्त त्यांची संख्या सांगते. सोसायटीच्या यादीत केवळ नावाच्या स्तंभावर ते चालवले, तर दोन फ्लॅट असलेल्या प्रत्येक सभासदाचा दुसरा फ्लॅट यादीतून जातो आणि त्याबरोबर त्या फ्लॅटची थकबाकीही जाते. नाव आणि दूरध्वनी असे दोन्ही स्तंभ घेतले तरी हेच होते, कारण माणूस एकच आहे.

येथे ओळीची ओळख विंग आणि फ्लॅट क्रमांक मिळून ठरते. ती जोडी यादीत किती वेळा आली हे मोजणारे ‘काउंटइफ्स’ सूत्र शेजारच्या स्तंभात लावावे आणि ज्या ओळींत उत्तर १ पेक्षा मोठे येईल त्या डोळ्यांनी पाहाव्यात. काही वेळा दुसरी ओळ सहसभासदाची असते. पती-पत्नीच्या नावे फ्लॅट असला की असे होते, आणि ती नोंद काढायची नसून योग्य स्तंभात न्यायची असते. हस्तांतरण झालेल्या फ्लॅटची जुन्या मालकाची ओळही अशीच सापडते. ती काढण्याआधी नमुना ‘आय’मध्ये हस्तांतरणाची नोंद पाहावी.

फिल्टर लावून ओळी काढताना एक्सेल दिसणाऱ्या ओळीच काढते, पण हाताने लपवलेल्या ओळी निवडीत आल्या तर त्याही जातात. त्याचप्रमाणे फिल्टर केलेल्या यादीत अनेक सेल एकदम चिकटवले तर ते मधल्या न दिसणाऱ्या ओळींतही पडतात आणि तिथला मजकूर पुसतात. फिल्टर चालू असताना चिकटवण्याचे काम करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

७. नवी ओळ घालता येत नाही, किंवा यादीत सामील होत नाही

नवा सभासद टेबलच्या लगेच खालच्या ओळीत टंकला की टेबल वाढायला हवे. ते वाढत नसेल तर तीन कारणे पाहावीत: ‘टोटल रो’ म्हणजे टेबलच्या तळाची बेरजेची ओळ चालू आहे, शीट संरक्षित आहे, किंवा ऑटोकरेक्टच्या पर्यायांतील ‘नव्या ओळी टेबलमध्ये घ्याव्यात’ ही खूण निघाली आहे. टोटल रो चालू असताना शेवटच्या नोंदीच्या शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबला की नवी ओळ मिळते.

ओळ घालताना ‘भरलेले सेल शीटच्या बाहेर ढकलले जातील’ अशा अर्थाची सूचना आली, तर शीटच्या अगदी तळाशी काहीतरी पडलेले असते. कंट्रोल आणि एंड दाबून शेवटचा वापरलेला सेल पाहावा. यादीखालील सर्व ओळी निवडून त्या डिलीट कराव्यात, नुसता मजकूर पुसू नये, आणि फाइल जतन करावी. एका शीटवर दोन टेबल शेजारी-शेजारी असतील तर ओळ घालताना दुसऱ्याच टेबलच्या नावाने अडथळा येतो. प्रत्येक टेबलला वेगळी शीट द्यावी.

ओळींच्या कमाल संख्येशी सोसायटीचा संबंध सहसा येत नाही. आजच्या एक्सेल फाइलीत १०,४८,५७६ ओळी मावतात. जुन्या एक्सएलएस स्वरूपात मात्र ६५,५३६च मावत. इंग्लंडमध्ये २०२०च्या शरद ऋतूत याच जुन्या मर्यादेमुळे कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीत वेळेवर आल्या नव्हत्या. जुन्या समितीची फाइल एक्सएलएस असेल तर तिला पहिल्याच दिवशी नव्या स्वरूपात जतन करावे.

८. बेरीज आणि शोधसूत्रे भलतीच ओळ पकडतात तेव्हा

फिल्टर लावून ‘सम’ने बेरीज केली तर न दिसणाऱ्या ओळीही तीत येतात. बी विंगची म्हणून सांगितलेली थकबाकी प्रत्यक्षात पूर्ण सोसायटीची निघते. ‘सबटोटल’ सूत्रात पहिला आकडा ९ दिला तर फिल्टरने वगळलेल्या ओळी बेरजेतून सुटतात, आणि १०९ दिला तर हाताने लपवलेल्याही सुटतात.

दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी ओळ शोधणाऱ्या ‘व्हीलुकअप’ सूत्राने थकबाकी आणताना शेवटचा, चौथा घटक लिहायचा राहिला, तर सूत्र अचूक ओळ न शोधता जवळची ओळ घेते. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या बिलावर येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. तिथे शून्य लिहावे. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२१ असेल तर ‘एक्सलुकअप’ वापरावे, ते मुळातच अचूक ओळ शोधते. शोध नेहमी फ्लॅट क्रमांकावर करावा, नावावर कधीही नाही.

९. सेल स्वतःहून बदलतात, आणि फाइल दुसरीकडे नेताना ओळी तुटतात

शेअरचे अनुक्रमांक ‘१-१०’ असे इंग्रजी अंकांत टंकले की भारतीय मांडणी असलेल्या संगणकावर एक्सेल त्यांना १ ऑक्टोबर ही तारीख समजते. नंतर स्तंभ ‘टेक्स्ट’ केला तर ४५९३१ अशी पाच अंकी संख्या दिसते, मूळ मजकूर परत येत नाही. म्हणून टंकण्याआधीच स्तंभ ‘टेक्स्ट’ करावा. बँक खाते क्रमांकांसाठीही हेच करावे, कारण संख्या म्हणून टंकल्यास एक्सेल पहिले १५ अंकच राखते आणि पुढच्या अंकांचे शून्य करते.

बिले काढणाऱ्या सॉफ्टवेअरला यादी सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे सेल स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, द्यावी लागते. पत्त्याच्या सेलमध्ये ऑल्ट आणि एंटर दाबून ओळ मोडलेली असेल, तर काही सॉफ्टवेअर त्या एका सभासदाच्या दोन ओळी करतात. आधी ‘क्लीन’ सूत्राने असे मोड काढावेत. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. दुसऱ्याकडून आलेली सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडल्यावर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली, तर ती जतन न करता बंद करावी आणि डेटा मेनूतील ‘फ्रॉम टेक्स्ट’मधून, ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ही सांकेतिक लिपी निवडून, आणावी.

१०. सूचनाफलकावर लावण्यापूर्वीची पडताळणी

नवे सभासद छपाईत येत नसतील तर जुना ‘प्रिंट एरिया’ काढून टाकावा. ‘प्रिंट टायटल्स’मध्ये शीर्षकाची ओळ दिली की ती प्रत्येक पानावर छापली जाते.

मग वही उघडून पहिल्या दिवशी लिहिलेले तीन आकडे ताडून पाहावेत. ओळी वाढल्या किंवा घटल्या असतील, तर त्यांतील प्रत्येक ओळीचे कारण वहीत असले पाहिजे. आकडे जुळले तरी तेवढ्याने भागत नाही, कारण दुभंगलेल्या ओळींची बेरीजही बरोबरच येते. माझ्या चुकीच्या यादीतील थकबाकीची बेरीज पैशापर्यंत बरोबर होती. म्हणून प्रत्येक विंगमधून किमान तीन फ्लॅट, त्यांत एक दोन फ्लॅटवाल्या सभासदाचा आणि एक अलीकडे हस्तांतरित झालेला, निवडावेत आणि त्यांची पूर्ण ओळ डावीकडून उजवीकडे, नमुना ‘आय’शी व लेखापरीक्षण अहवालाशी, दोघांनी मिळून ताडावी. एकाने नोंदवहीतून वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहावे. एक जरी ओळ जुळली नाही तरी निरोप पाठवणे थांबवून पायरी ४ पासून पुन्हा पाहावे.